चहानंतरचा पहिला जॉब: मकरपुऱ्यातल्या एका सीएनसी लेथचं प्रकरण

हा कारखाना वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत, ग्राहक कोण तेही सांगत नाही. मशीन, मापं आणि चुका मात्र घडल्या तशाच मांडल्या आहेत. त्यातली एक चूक माझी आहे.

पार्श्वभूमी

मालकांचं घर दांडिया बाजारात, तीन पिढ्या तिथेच. थोरल्या मालकांना सगळे आबा म्हणतात. ते कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या या संस्थेतून शिकून निघालेल्या कितीतरी पोरांनी शहरात आपापली लेथ टाकली, तसेच हे. पहिली लेथ पट्ट्यावर चालणारी होती. ती अजून शेडच्या कोपऱ्यात उभी आहे आणि आबा तिच्यावर स्वतः कधीमधी बुश काढून देतात.

कारभार आता मुलाकडे आहे, त्याला दादा म्हणतात. दादानं चार वर्षांपूर्वी कर्ज काढून पहिली सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी लेथ घेतली. आडव्या स्पिंडलची, तिरप्या बेडची, जॉब धरून फिरवणारा आठ इंची हायड्रॉलिक चक, आठ टूल धरणारा फिरता टरेट, फानुक कंपनीचा कंट्रोलर. नंतर दुसरी आली. पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही शेजारी शेजारी आहेत. वर दोन एक्झॉस्ट पंखे, मेमध्ये त्यांचा उपयोग गरम हवा हलवण्यापुरता.

काम पंपाच्या शाफ्टचं होतं. ईएन ८ पोलाद, लांबी ४२० मिमी, दोन्ही बाजूंना ६३०७ नंबरच्या बेअरिंगची बैठक. बैठकीचा व्यास ३५ मिमी, फिट के ६. म्हणजे माप ३५.००२ ते ३५.०१८ च्या दरम्यान हवं. सोळा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या सोळा हजारांशांची जागा. अशी बैठक पूर्वी सरळ ग्राइंडिंगला जायची. दादानं ती लेथवरच पुरी करून दाखवली आणि त्याच जोरावर ऑर्डर मिळवली. बाहेरच्या ग्राइंडिंगचे शाफ्टमागे नव्वद रुपये वाचत होते, नफाही जवळपास तेवढाच होता.

पहिले तीन महिने एकही तक्रार आली नाही. मशीनवर दिवसपाळीला खानदेशातला एक पोरगा होता, आयटीआय केलेला, वय अठ्ठावीसच्या आसपास. रातपाळीला हे काम लावतच नसत. का लावत नसत, हे विचारल्यावर दादा म्हणाला, "तसंच पडत गेलं." या उत्तराकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

अडचण

मे महिन्यात दिवसपाळीवाला चुलतभावाच्या लग्नासाठी चोपड्याला गेला. रातपाळीवाल्याला दिवसा आणलं. तोही नवशिका नव्हे, सहा वर्षं सीएनसीवर काढलेला गुजराती माणूस. त्याच्या गैरहजेरीतल्या पहिल्या बारा दिवसांत २४० शाफ्टांची खेप गेली.

ग्राहकानं त्यातले ६१ परत पाठवले. ३८ लहान, २३ मोठे. सोबत डेबिट नोट, आणि पुढची खेप तपासून मगच घेऊ असं पत्र.

बैठक मोठी झाली तर बेअरिंग घट्ट बसतं, आतल्या गोळ्यांची मोकळीक खाल्ली जाते आणि पंप चालू केला की बेअरिंग तापतं. असे शाफ्ट पुन्हा लेथवर चढवून दुरुस्त करता येतात. लहान झालेल्याला मात्र इलाज नाही. आतली रिंग शाफ्टवर सरकायला लागते, बैठक घासून जाते. ते ३८ भंगारात. माल आणि मजुरी धरून एका शाफ्टचे साधारण सातशे रुपये.

पण पैशापेक्षा दादाला दुसऱ्याच गोष्टीनं हैराण केलं होतं. इथल्या तपासणीच्या कागदावर २४० च्या २४० शाफ्ट पास होते. रातपाळीवाल्यानं प्रत्येक शाफ्ट मायक्रोमीटरनं मोजून आकडा लिहिला होता. मी त्याला विचारलं तर शपथेवर म्हणाला, "माप तो बराबर हतुं, साहेब." आणि तो खोटं बोलत नव्हता. खोटे आकडे लिहिणाऱ्याच्या कागदावर सगळी मापं एकसारखी सुरेख असतात. याच्या कागदावर ३५.००४ होतं, ३५.०१७ होतं, एके ठिकाणी खाडाखोडही होती.

मी बत्तीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागात काढली आहेत. दादाची आणि माझी ओळख एका मुंजीत निघाली, म्हणून मला बोलावणं.

पहिला अंदाज, आणि तो कसा फसला

गेल्या गेल्या मी निदान सांगून टाकलं. ग्राहकाची तपासणी वातानुकूलित खोलीत होते, तिथे २२ अंशांच्या आसपास. इथे शेडमध्ये ४२. पोलाद तापलं की वाढतं, थंड झालं की आकसतं. ३५ मिमी व्यासाला दर अंशामागे ०.४ मायक्रॉन. वीस अंशांचे झाले आठ मायक्रॉन. सोळातले आठ गेले, मग राहिलं काय? तपासणीला काचेची केबिन करा, एसी लावा.

दादानं दुसऱ्याच दिवशी केबिनचं कोटेशन मागवलं.

त्या रात्री घरी हिशेब पुन्हा मांडला आणि स्वतःचीच लाज वाटली. मायक्रोमीटरही पोलादाचाच. ४२ अंशांत शाफ्ट जेवढा फुगतो, त्याच प्रमाणात मायक्रोमीटरची चौकटही फुगते. दोघं एकाच तापमानाला असतील तर माप बरोबरच येतं, शेड कितीही तापलेली असो. ग्राहकाच्या खोलीत दोघंही २२ अंशांवर असतात, तिथेही बरोबर. अडचण येते ती शाफ्ट आणि मायक्रोमीटर यांच्या तापमानात फरक पडला तर. शिवाय एवढ्या एका कारणानं माप सगळं एकाच दिशेला सरकलं असतं. इथे तर लहानही होते आणि मोठेही.

सकाळी सातला फोन करून कोटेशन थांबवायला सांगितलं. दादा काही बोलला नाही, पण आबा मागून म्हणाले ते फोनवर ऐकू आलं: "तज्ज्ञ बोलावला की आधी एसी लावायला लागतो."

पर्याय

ग्राहकानं पुढच्या खेपेसाठी तीन आठवडे दिले होते. दादानं आणि मी बसून पर्याय मांडले.

रातपाळीवाल्याला या मशीनवरून काढायचं, हा आबांचा पर्याय. त्यांच्या मते सरळ हिशेब होता: एक माणूस असताना माल चांगला, दुसरा आल्यावर वाईट, तर दोष दुसऱ्याचा. कानाला पटण्यासारखं आहे. पण मग कारखान्याची सगळ्यात महत्त्वाची ऑर्डर एका माणसाच्या हजेरीवर टांगलेली राहते, आणि त्याला ताप आला, लग्न निघालं की पुन्हा हेच.

बैठकीवर पाव मिलिमीटर ठेवून बाहेर ग्राइंडिंगला पाठवायचं. ग्राइंडिंगवाला जवळच होता, माप खात्रीनं मिळालं असतं. दादाचा ओढा याकडे होता आणि मला त्यात चूक दिसत नव्हती. फक्त नफा संपत होता आणि ग्राइंडिंगवाल्याकडे आठ-दहा दिवसांची रांग होती. हा पर्याय आम्ही टाकून दिला नाही, राखून ठेवला. दोन आठवड्यांत उलगडा झाला नाही तर पुढची खेप ग्राइंडिंगला, असं त्याच दिवशी ठरवलं. हा निर्णय मला अजून बरोबर वाटतो. हातात तारीख असली की माणूस घाईनं काहीतरी बदलत सुटत नाही.

एक्स अक्षावर (टूल जॉबच्या जवळ-लांब नेणाऱ्या दिशेवर) टूलची खरी जागा मोजणारी काचेची स्केल बसवून घेणं किंवा तापमान भरपाई असलेलं नवं मशीन घेणं, हे कर्जाचा हप्ता बघूनच बाजूला पडलं.

आणि शेवटचा, आधी काही न बदलता मशीन काय करतं ते बघायचं.

चाचणी

कल्पना साधी होती. सकाळी थंड मशीन चालू करायचं, ओळीनं शाफ्ट काढायचे आणि ऑफसेटला, म्हणजे टूलची जागा किंचित सरकवणाऱ्या दुरुस्तीच्या आकड्याला, हात लावायचा नाही. माप कितीही सरकू दे.

आबा ऐकायला तयार नव्हते. "एवढे शाफ्ट डोळ्यांदेखत बिघडवायचे?" त्यावर तोड दादानं काढली. बैठकीचं लक्ष्य ३५.०१० ऐवजी ३५.११० धरायचं, म्हणजे मिलिमीटरचे दहा शतांश जास्त माल राहील. चाचणी झाली की तेच शाफ्ट पुन्हा चढवून खऱ्या मापाला आणायचे. एकही वाया जाणार नाही. मी बत्तीस वर्षांत अशा चाचण्या भंगार करूनच केल्या होत्या.

सकाळी आठला सुरुवात. एका जॉबला, म्हणजे एका शाफ्टला, फिनिशिंगची चार मिनिटं. प्रत्येक शाफ्टवर रंगाच्या पेनानं नंबर टाकला. प्रत्येक शाफ्ट दोनदा मोजायचा होता: चकमधून काढल्याबरोबर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे रात्रभर एकाच टेबलावर निवल्यावर. शाफ्टचं तापमान बघायला दादाकडे इन्फ्रारेड गन होती, पण चकाकत्या पोलादावर ती भलतंच कमी दाखवते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर गन धरली, तेव्हा आकडे विश्वासाचे आले.

निवल्यावरची मापं अशी होती. पहिला शाफ्ट ३५.११२. आठवा ३५.०९८. अठरावा ३५.०८५. म्हणजे सव्वा तासात व्यास २७ मायक्रॉननं उतरला, कुणी काही न करता. अठराव्यापासून पुढे मात्र ३५.०८३ ते ३५.०८७, जागचा हलला नाही. मग साडेबाराला जेवणाची सुट्टी, मशीन अर्धा तास बंद. सुट्टीनंतरचा पहिला शाफ्ट ३५.०९६. चार-पाच जॉबनंतर पुन्हा ३५.०८६.

या मशीनच्या एक्स अक्षाचा बॉलस्क्रू, म्हणजे टूल सरकवणारा लांब स्क्रू, मोटरच्या बाजूला पक्का धरलेला आहे. तापला की तो स्पिंडलच्या दिशेनं लांबतो, टूल जॉबच्या जवळ सरकतं आणि व्यास कमी होतो. स्पिंडल ज्यात बसतो तो हेडस्टॉकही तापून आपली भर घालतो. स्क्रीनवर एक्सचा आकडा तोच दिसतो, कारण मोटरच्या मागे बसलेला एन्कोडर मोटर किती फिरली ते मोजतो, टूल प्रत्यक्ष कुठे आहे ते त्याला कळत नाही. दुसऱ्या बांधणीच्या मशीनवर माप उलट्या दिशेलाही सरकू शकतं, म्हणून हे आकडे कुणी आपल्या मशीनला लावू नयेत.

दुसरी गोष्ट गरम आणि निवलेल्या मापांच्या फरकात दिसली. चकमधून काढलेला शाफ्ट ५१ अंश, मायक्रोमीटर ४० अंश. फरक अकरा अंश, म्हणजे साडेचार मायक्रॉन. गरम शाफ्ट ३५.००५ दाखवतो, ऑपरेटर पास लिहितो, निवल्यावर तो असतो ३५.०००. नापास. रातपाळीवाल्याचे पास आणि ग्राहकाचे नापास इथे जुळले.

आता बारा दिवसांत काय झालं ते उलगडत गेलं. रातपाळीवाला सावध माणूस. तो दर जॉबला मोजायचा आणि दर जॉबला वेअर ऑफसेट बदलायचा. सकाळी माप उतरतंय म्हणून अधिक, अधिक, अधिक. चहाला मशीन थांबलं, थोडं निवलं, पुढचा जॉब मोठा आला, म्हणून उणे. तोवर मशीन पुन्हा तापलं, पुढचा लहान. तो सतत एक जॉब मागे होता. डेमिंग यांचा नरसाळ्याचा प्रयोग शिकवताना आम्ही हेच सांगायचो: नरसाळ्यातून गोटी खुणेवर टाका, आणि प्रत्येक वेळी गोटी जेवढी चुकली तेवढं नरसाळं उलट सरकवा, तर गोट्या खुणेभोवती गोळा होण्याऐवजी आणखी पांगतात. वर्षानुवर्षं सांगितलेली गोष्ट समोर घडत होती आणि मला ती ओळखायला आठवडा लागला.

एक शाफ्ट तर निव्वळ बटणाच्या चुकीनं गेला होता. ऑफसेटच्या पानावर 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट' शेजारी असतात. पहिलं बटण आकडा बदलून टाकतं, दुसरं असलेल्या आकड्यात मिळवतं. उणे ०.०१० मिळवायचे होते आणि पहिलं बटण दाबलं गेलं. आधी जमा झालेले अधिक २० मायक्रॉन पुसले गेले आणि जॉब एकदम ३० नं लहान झाला.

वही

दिवसपाळीवाला परत आला तेव्हा चाचणीचा आलेख मशीनच्या दारावर चिकटवलेला होता. तो पेटी न ठेवताच आलेखासमोर उभा राहिला. मग खिशातून एका किराणा दुकानाची छोटी डायरी काढून दादाच्या हातात दिली.

डायरीत तारखा नव्हत्या, वेळा होत्या. ८॥ ला अधिक .०१०, ९ ला अधिक .०१८, ९। ला अधिक .०२५. पुढे "चहा" असं लिहून उणे .००६, "जेवण" लिहून उणे .०१०. खाली एक ओळ: "५ ठेवून घे, गार झाल्यावर जातात." आमचा आलेख त्याच्या डायरीत चार महिने पडून होता, साडेचार मायक्रॉनसकट.

"सांगितलं का नाहीस?" दादानं विचारलं.

"सांगितलं होतं ना, दादा. आबांना. म्हटलं, चहानंतरचा पहिला जॉब मोठा येतो. आबा म्हणाले, मशीनला चहा लागत नसतो."

आबा तिथेच होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि जुन्या लेथकडे निघून गेले.

इथे एक निर्णय घ्यायचा होता, आणि तो वाटतो तेवढा सोपा नव्हता. दादाचं म्हणणं, हीच डायरी छापून मशीनवर लावू, दोघांनी तसेच ऑफसेट द्यायचे. ते मोहात पाडणारं होतं, कारण डायरी बरोबर होती. पण डायरीचं मागचं पान उघडलं तर तिथे जानेवारीतल्या दुसऱ्या एका जॉबचे आकडे होते आणि त्यात सकाळची भर ३४ मायक्रॉनची होती. थंडीत सकाळी मशीन जास्त गार, म्हणून जास्त सरकतं. एखाद्या दिवशी वीज गेली, अर्ध्या तासाऐवजी तासभर मशीन बंद राहिलं, तर डायरीत उत्तर नाही. पोरगा ते अंदाजानं सांभाळायचा, त्याच्या हाताला कळायचं. दुसऱ्याच्या हातात ते आकडे धोक्याचे. म्हणून ठरलं की सरकणाऱ्या मापामागे धावायचं नाही, मशीनच अशा अवस्थेला आणायचं जिथे ते सरकणं थांबवतं. डायरी त्यासाठी पुरावा होती.

काय केलं

वॉर्म-अप प्रोग्राम दिवसपाळीवाल्यानंच लिहिला. पंचवीस मिनिटांचा. स्पिंडल ४००, ८००, १२००, १६०० अशा पायऱ्यांनी, त्याच वेळी टरेट एक्स आणि झेडवर (शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं) पूर्ण फेऱ्या मारतो, कुलंट, म्हणजे कापताना सोडतात ते थंड करणारं पाणी, चालू. १६०० वरच थांबायचं कारण असं की मिनिटाला १८० मीटर कटिंग स्पीडनं ३५ व्यास कापताना स्पिंडल तेवढ्यालाच फिरतो. चकमध्ये काहीतरी धरलेलं हवंच, रिकाम्या जबड्यांनी चक पळवायचा नाही. त्यासाठी त्यानं भंगारात निघालेल्या ३८ मधला एक शाफ्ट निवडला आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा मारला. सकाळी लवकर येणारा मदतनीस आता दार लावून प्रोग्राम चालू करतो, आठ वाजता मशीन तयार असतं.

जेवणाच्या सुट्टीवरून आबांशी वाद झाला. मशीन रिकामं फिरवून वीज जाळायची, हे त्यांना पटेना. दादानं मीटर बघून ठेवला: अर्ध्या तासात दीड युनिट, दहा-बारा रुपये. एक शाफ्ट सातशेचा. आबांनी आकडे दोनदा विचारले आणि मग मान हलवली. पण सुट्टीत चालू मशीनजवळ कुणीतरी हवं, म्हणून शेवटी सुट्ट्याच पुढेमागे केल्या. एक जण सेव-उसळ खायला बाहेर जातो तेव्हा दुसरा जॉब काढत असतो. रिकामं फिरवणं फक्त चहापुरतं उरलं.

मोजण्याची पद्धत बदलली, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा तिथे झाला. ग्राइंडिंगवाल्याकडून ईएन ८ चाच एक छोटा दंडगोल ३५.०१० ला करून घेतला आणि एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून त्याचं प्रमाणपत्र घेतलं. हा मास्टर. मशीनशेजारी कुलंटचा एक ट्रे ठेवला. मास्टर त्या ट्रेमध्येच असतो आणि काढलेला शाफ्टही दहा मिनिटं बैठकीपर्यंत त्यात बुडवून ठेवायचा. मग दोघांना पुसून आधी मास्टर मोजायचा, लगेच शाफ्ट. फरक बघायचा. शेड ३० अंश असो की ४४, मास्टर आणि शाफ्ट एकाच पाण्यातले. मायक्रोमीटर हातात धरून धरून तापतो, तोही फरक मास्टरवर पकडला जातो. एसी केबिनच्या कोटेशनमध्ये जेवढे पैसे होते, त्याच्या विसाव्या हिश्शात हे झालं.

ऑफसेटसाठी नियम एकच. माप ३५.००६ ते ३५.०१४ च्या आत असेल तर हात लावायचा नाही. बाहेर गेलं तर आणखी एक जॉब काढायचा, आणि दोन्ही एकाच बाजूला गेले असतील तरच बदल. प्रत्येक बदल दारावरच्या कार्डावर: वेळ, जॉब नंबर, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, कारण. बदल नेहमी 'प्लस इनपुट'नंच करायचा.

या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास रातपाळीवाल्याला झाला. ३५.००७ दिसलं की त्याचा हात बटणाकडे जायचा. पहिले तीन दिवस तो मशीनपासून दोन पावलं लांब, हात मागे बांधून उभा राहायचा. चौथ्या दिवशी म्हणाला की माप आपोआप परत येतं.

निकाल

ठरलेल्या मुदतीत गेलेल्या पुढच्या २४० शाफ्टांमध्ये तीन नापास निघाले. निम्मी खेप रातपाळीवाल्यानं काढली होती. ग्राइंडिंगचा राखीव पर्याय वापरावा लागला नाही.

तीनपैकी दोन एकाच दिवसाचे, एकामागचे एक, आणि दोन्ही मोठे. कार्ड बघितलं तर त्या वेळी इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याचा, कोपरा बदलला होता. फिनिशिंगला व्हीएनएमजी इन्सर्ट होता. नावातलं तिसरं अक्षर एम आहे, ते इन्सर्टच्या मापाचा सैलपणा सांगतं, आणि या आकाराला तो पन्नास मायक्रॉनपर्यंत असू शकतो. एक कोपरा फिरवून दुसरा लावला की टोक नेमकं त्याच जागी येईल याची हमी नाही. हे मला माहीत होतं, दोन्ही ऑपरेटरनाही माहीत होतं, तरी नियमात लिहायचं राहिलं. आता कोपरा बदलल्यावर पहिला जॉब पाच शतांश मोठा काढतात, ट्रेमध्ये निववून मोजतात, मग उरलेला कट.

तिसरा शाफ्ट का गेला ते कळलं नाही.

दिवसपाळीवाल्याला सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा, केलं आणि पगार वाढवला. दादाचा हा निर्णय उशिराचा होता. त्याआधी पंधरा दिवस पोरगा गप्प असायचा. त्याच्या बाजूनं बघा: जे त्याला एकट्याला येत होतं ते आता ट्रे आणि कार्ड करत होतं, आणि दारावर आलेख माझ्या अक्षरातला. शेजारच्या गल्लीतून त्याला बोलावणं आलं होतं, हे नंतर कळलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी मी मशीनसमोर उभा राहून बोललो, मशीनवर बसणाऱ्याला फोन केला नाही. तो चोपड्याला होता, फोन खिशात होता, डायरीही. एक फोन केला असता तर एसीचं प्रकरण झालंच नसतं आणि चाचणीला काय शोधायचं ते आधी माहीत असतं. चाचणी तरीही करावी लागली असती, कारण आबांना डायरी पटली नसती.

दादानं हे काम रातपाळीला लागत नाही याचा विचार आधी करायला हवा होता. एखादं काम एकाच माणसाकडे "तसंच पडत" जातं तेव्हा तिथे काहीतरी दडलेलं असतं. तीन महिने शून्य तक्रारी होत्या म्हणून कुणी बघितलं नाही.

वाढीव पगाराची गोष्ट डायरी हातात आली त्याच दिवशी करायला हवी होती, आलेख छापण्याच्या आधी. आणि आलेखाखाली त्याचं नाव लिहायला हवं होतं. तेवढं मी नंतर केलं.

ट्रेच्या बाबतीतही एक चूक झाली. जुलैत पाऊस लागला, कुलंट पातळ झालं होतं आणि मास्टरवर तांबूस ठिपके दिसले. पुन्हा प्रयोगशाळा, पुन्हा खर्च. आता कुलंट किती दाट आहे ते दर सोमवारी रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणानं बघतात आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी मास्टर तेलात जातो.

दिवाळीनंतर त्याच ग्राहकानं तसाच शाफ्ट एसएस ३१६ या स्टेनलेस पोलादात मागितला. मी सहज कारखान्यात गेलो होतो. ड्रॉइंग टेबलावर होतं, दादा भाव काढत होता, आबा चहा घेत होते. सेटरनं ड्रॉइंग उचललं, मटेरियलचा रकाना बघितला आणि विचारलं, "काका, ३१६ जास्त फुगतं ना? मग ट्रेमधला मास्टर याला चालायचा नाही."

ईएन ८ दर मीटरला दर अंशामागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं, ३१६ सोळाच्या आसपास. शेड ४२ अंशांवर आणि ग्राहकाची खोली २२ वर असेल, तर पस्तीसच्या व्यासाला ईएन ८ च्या मास्टरनं तीन मायक्रॉनची चूक येते. मी कागदावर मांडून दाखवलं.

आबांनी कप खाली ठेवला. "मग ३१६ चा एक तुकडा काप," ते त्याला म्हणाले, "ग्राइंडिंगवाल्याकडे मीच घेऊन जातो."